घरी रेकॉर्ड केलेली कविता आणि मागे संगीत: वादक मित्रांकडून उपयोगी अभिप्राय कसा मिळवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्वतःची कविता फोनवर रेकॉर्ड केली, मागे तानपुरा आणि एक बीट लावला, साडेतीन मिनिटांचा ट्रॅक तयार झाला. चार वादक मित्रांना पाठवला, तर चौघांकडूनही ‘मस्त झालंय’ एवढंच उत्तर आलं. नेमकं काय सुधारायचं ते कुणी सांगत नाही.

‘ऐका आणि सांगा कसं वाटलं’ असं विचारलं की ‘मस्त’ हेच उत्तर येतं, त्यात मित्रांचा दोष नाही. माझ्या मते अशा ट्रॅकबद्दल सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासायची असते: अनोळखी माणसाला पहिल्याच ऐकण्यात प्रत्येक शब्द कळतो का? तुम्हाला स्वतःला हे तपासताच येत नाही. कविता तुमची आहे, त्यामुळे न ऐकू येणारा शब्दही तुमचा मेंदू भरून घेतो. म्हणून एका मित्राला फक्त ट्रॅक पाठवा, कवितेचा मजकूर देऊ नका. एकदाच ऐकून जे शब्द कळले ते कागदावर लिहायला सांगा आणि तो कागद कवितेच्या शेजारी ठेवून बघा. गळलेले शब्द बहुतेक वेळा ओळींच्या शेवटीच सापडतील.

याचं कारण आपल्या भाषेतच आहे. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं, नकार तर त्याच्याही मागे, आणि बोलताना श्वास नेमका तिथेच संपत आलेला असतो. ‘मी त्या रात्री परत गेलो नाही’ ही ओळ घ्या. ‘मी त्या रात्री’ खणखणीत येतं, ‘परत गेलो’ ठीक येतं आणि ‘नाही’ तानपुऱ्यात विरून जातं. ऐकणाऱ्यासाठी तुम्ही परत गेलात! अख्ख्या आवाजाचा फेडर (ट्रॅकचा आवाज कमीजास्त करणारी पट्टी) वर केल्याने हे सुधारत नाही, कारण ओळीची सुरुवात आणखी मोठी होते आणि शेवट आहे तसाच मागे राहतो. कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणारं साधन) लावण्याआधी प्रत्येक ओळीचे शेवटचे एक-दोन शब्द व्हॉल्यूम ऑटोमेशनने, म्हणजे एडिटिंग ॲपमध्ये तेवढ्याच जागी पातळी वर आखून, 2 ते 4 डीबी (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) उचला. नंतर 3:1 गुणोत्तराचा कॉम्प्रेसर, जास्तीत जास्त 4-5 डीबी दाबला जाईल इतकाच. साडेतीन मिनिटांच्या कवितेला या हातकामात तासभर जातो. कुठल्याही महागड्या प्लगिनपेक्षा हा तास जास्त फळतो. आणि शब्द मुळातच श्वासात विरला असेल, तर तेवढी ओळ पुन्हा रेकॉर्ड करा.

पुन्हा रेकॉर्ड करणारच असाल तर काही गोष्टी सांभाळा. पंखा बंद. लोखंडी कपाटापासून आणि उघड्या भिंतींपासून लांब, कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून त्याच्याकडे तोंड करून, किंवा पाठीमागे गोधडी टांगून बसा. माइक तोंडापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर, समोर न ठेवता थोडा बाजूला तिरका. समोर ठेवला तर ‘भ’, ‘फ’, ‘प’ची हवा थेट त्यावर आदळते. पॉप फिल्टर (ही हवा अडवणारी माइकपुढची जाळी) नसेल तर भरतकामाच्या रिंगवर ताणलेली पातळ ओढणी चालते. लेव्हल अशी ठेवा की सर्वात मोठा शब्द उणे 12 ते उणे 6 डीबीच्या दरम्यान जाईल (0 म्हणजे आवाज फुटण्याची हद्द). ब्लूटूथ हेडफोन नको: त्यातून ऐकू येणारं संगीत उशिरा पोचतं, त्यामुळे तुमचं बोलणं बीटच्या मागे पडतं, आणि त्याचा माइक तर फोन कॉलच्या दर्जाचा असतो. शेवटी न बोलता दहा सेकंदांची शांतता रेकॉर्ड करून ठेवा. नॉइज रिडक्शनला (मागची घरघर कमी करणाऱ्या साधनाला) खोलीच्या आवाजाचा नमुना त्यातूनच मिळतो. मात्र हे रिडक्शन 6 ते 8 डीबीपेक्षा जास्त करू नका, नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थोडी घरघर राहिली तरी संगीताखाली झाकली जाते.

मिक्स करताना, म्हणजे आवाज आणि संगीत एकत्र बसवताना, आवाजावर इक्वलायझरने (वेगवेगळ्या पट्ट्यांतला आवाज कमीजास्त करणारं साधन) 80 ते 100 हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. आवाज खोलीत घुमला असेल तर 250 ते 400 हर्ट्झच्या आसपास 2-3 डीबी कमी करा. मग संगीताच्या ट्रॅकवर 1 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात रुंद, उथळ असा 3 डीबीचा खड्डा पाडा. व्यंजनं ओळखू येतात ती मुख्यतः याच पट्ट्यात, आणि बासरी, हार्मोनियम, गिटार यांचीही गर्दी तिथेच असते. विशेषतः धरून ठेवलेले हार्मोनियमचे सूर बोलण्याला फार झाकतात. ते ओळींच्या मधल्या जागेत वाजू दे. रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा परिणाम) वापरायचाच असेल तर एक सेकंदाच्या आत संपणारा, 20 ते 40 मिलिसेकंद प्री-डिलेचा, म्हणजे शब्दानंतर तेवढा थांबून सुरू होणारा.

डी-एसरबद्दल (‘स’सारख्या अक्षरांची सिसकारी दाबणारं साधन) एक सावधगिरी. मराठीत ‘च’ दोन: ‘चिमणी’तला आणि ‘चूल’मधला. दुसरा दातांवरचा, त्यामुळे 5 ते 8 किलोहर्ट्झमध्ये तो जोरात सिसकारतो. तयार प्रीसेट तसाच लावला तर डी-एसर ती सिसकारी पूर्ण खाऊन टाकतो आणि ‘चूल’चं ‘तूल’ ऐकू येतं. एवढा एक शब्द सोलो करून (बाकीचे ट्रॅक बंद ठेवून) ऐका, म्हणजे किती दाबायचं ते लगेच कळेल.

तानपुऱ्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. बोलण्यालाही सूर असतो आणि ओळ संपताना तो एका ठरावीक जागी उतरतो. ती जागा तानपुऱ्याच्या ‘सा’ किंवा ‘प’वर आली तर ओळ टेकल्यासारखी वाटते. अर्ध्या सुराने चुकली तर ऐकणारा फक्त ‘काहीतरी खटकतंय’ म्हणतो, काय खटकतंय ते त्याला सांगता येत नाही. उपाय सोपा आहे: चार-पाच ओळींचे शेवटचे शब्द ऐका, तो सूर गुणगुणा, ट्यूनर ॲपवर बघा आणि तानपुऱ्याचा ‘सा’ त्याप्रमाणे लावा. आवाजाची पिच सरकवू नका, माणूस खोटा वाटायला लागतो.

बीटचं गणित कवितेच्या छंदावर ठरतं. मुक्तछंद असेल तर प्रत्येक शब्द ग्रिडवर (ॲपमधल्या मात्रांच्या रेघांवर) ओढू नका, फक्त कडव्याचा पहिला ठाशीव शब्द समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणा आणि बाकीचं मोकळं सोडा. वृत्तात लिहिलं असेल तर आधी मात्रा मोजा. भुजंगप्रयात, म्हणजे मनाच्या श्लोकांचं वृत्त, लगागा लगागा लगागा लगागा असं चालतं (‘ल’ म्हणजे एक मात्रेचं लघु अक्षर, ‘गा’ म्हणजे दोन मात्रांचं गुरू): पाच-पाच मात्रांचे चार गट, चरणाच्या वीस मात्रा. ते तयार 4/4 (चार-चार मात्रांच्या) बीटवर ठेवलं की गटाची सुरुवात दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडते आणि तुम्ही नकळत शब्द ओढायला लागता. तिथे दहा मात्रांचा झपताल हवा, चरणाला बरोबर दोन आवर्तनं बसतात. हे तबलजी मित्राला एका ऐकण्यात कळेल, म्हणून लयीचा प्रश्न त्यालाच विचारा.

पाठवायच्या फाइलींचं: ऐकण्यासाठी 320 केबीपीएसची एमपी3 पुरे, साडेतीन मिनिटांची साधारण साडेआठ एमबी होते. लाउडनेस उणे 16 ते उणे 14 लफ्स (पूर्ण ट्रॅक सरासरी किती मोठा ऐकू येतो त्याचं माप) आणि शिखर उणे 1 डीबीच्या खाली ठेवा. फार हळू असेल तर माणूस आवाज वाढवतो आणि त्याचं सगळं मत त्या हळूपणाबद्दलच येतं. जो मिक्सिंग जाणतो त्याला मास्टरवर (एकत्र केलेल्या अंतिम ट्रॅकवर) लिमिटर, म्हणजे शिखरं अडवणारं साधन, न लावलेली 24 बिट, 48 किलोहर्ट्झची वेव्ह द्या (सुमारे 60 एमबी), सोबत फक्त आवाज आणि फक्त संगीत अशा दोन वेगळ्या फाइली, दोन्ही 0:00 पासून सुरू होणाऱ्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्पीकरवर लावून व्हॉइस नोट मात्र कधीच नको. ड्राइव्हची लिंक देत असाल तर ‘लिंक असलेल्या कुणालाही’ परवानगी आहे ना, ते दुसऱ्या खात्यातून उघडून बघा. साउंडक्लाउडची खासगी लिंक मला जास्त सोयीची वाटते, कारण तिथे नेमक्या सेकंदावर टिप्पणी लिहिता येते. फाइलच्या नावात आवृत्ती आणि टेम्पो असू दे: ‘परतवाट_आ3_84बीपीएम’. एका वेळी एकच आवृत्ती पाठवा. तीन पाठवल्यात तर ‘दुसरी बरी वाटली’ यापलीकडे काही हाती लागत नाही.

सोबतचा निरोप साधारण असा असावा:

‘साडेतीन मिनिटं आहेत. आधी एकदा सलग ऐक, मग तीनच गोष्टी सांग. 1) 1:10 ते 1:35 मध्ये कुठला शब्द कळला नाही? 2) 2:05 ला बीट येतो तो लवकर वाटतो की उशिरा? 3) कुठल्या सेकंदाला लक्ष उडालं? हेडफोनवर ऐकलंस की फोनच्या स्पीकरवर, तेही लिही.’

यात ‘अजून फायनल नाही’, ‘माइक साधा होता’ असलं काही लिहू नका. ते वाचून माणूस आधीच माफ करून टाकतो. या वेळी तीन वादक आणि एक संगीताबाहेरचा अशा चौघांना चार वेगळे निरोप पाठवा: तबल्यावाल्याला लय, गिटारवाल्याला संगीताची दाटी, मिक्सिंगवाल्याला आवाजाचं संतुलन. आणि संगीताशी संबंध नसलेल्या एकाला शब्द लिहून काढण्याचं काम.

उत्तरं आली की त्यातली तक्रार आणि सुचवलेला उपाय वेगळे करा. ‘आवाजाला रिव्हर्ब वाढव’ असं कुणी म्हटलं तर त्याला बहुधा आवाज संगीतापासून सुटा वाटतोय. ही तक्रार खरी असते, पण रिव्हर्बने शब्द आणखी धूसर होतील. त्याऐवजी बोलणं सुरू झालं की संगीत आपोआप 2-3 डीबी दबेल असं साइडचेन लावून बघा, रिलीज (संगीत पुन्हा वर यायला लागणारा वेळ) 250 मिलिसेकंदांच्या आसपास. दोन जण एकाच सेकंदाला अडखळले तर वाद न घालता ती जागा दुरुस्त करा. एकट्याचं मत आवडीचं असू शकतं, ते बाजूला लिहून ठेवा.

बीट नेटवरून ‘फ्री’ म्हणून घेतला असेल तर त्याच्या अटी पाठवण्याआधीच वाचा. पुष्कळदा तो फक्त बिनव्यावसायिक वापरासाठी मोफत असतो, आणि मित्रांनी मेहनत घेतल्यावर बीट बदलावा लागला तर लयीबद्दल मिळालेले सगळे अभिप्राय वाया जातात.

दुरुस्त केलेली आवृत्ती त्याच चौघांना पाठवाल तेव्हा शब्दांबद्दल त्यांना विचारू नका. एव्हाना त्यांना ‘नाही’ कुठे आहे ते पाठ झालेलं असतं, त्यामुळे ते ऐकू येतंय की आठवतंय हे त्यांनाही सांगता येणार नाही. कागद-पेन्सिलीची परीक्षा दर फेरीला नव्या माणसाची घ्या.