सूरसंवाद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मावसभाऊ आणि मी बर्लिनच्या 'आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन' या इंडस्ट्रियल, म्हणजे यंत्रांच्या आणि धातूच्या आवाजांतून संगीत रचणाऱ्या, बँडचे अनेक वर्षांचे श्रोते आहोत. १९८१ चा 'कोलाप्स' हाच त्यांचा सर्वश्रेष्ठ अल्बम असून पुढचे सारे माघारीचे आहे, असे तो म्हणतो. मला मात्र २००० चा 'सायलेन्स इज सेक्सी' अधिक आवडतो. आमचे आजोबा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते आणि शेकडो साच्यांच्या गोंगाटातही आपल्या साच्याचा बिघाड आपल्याला कानाने कळतो, असे ते सांगत. हे संगीत ऐकताना मला त्यांची आठवण येते. आपले मत कळवावे. (एक वाचक, परळ)

उत्तर : आपल्या आजोबांच्या त्या वाक्यातच मला या वादाचा निकष सापडतो, आणि त्यानुसार मी आपणां दोघांनाही बाजूला ठेवून १९८५ च्या 'हाल्बर मेन्श', म्हणजे 'अर्धा माणूस', या अल्बमला पहिले स्थान देतो.

'कोलाप्स'चे ऐतिहासिक मोल मी नाकारत नाही. पैशांच्या चणचणीत बँडचे तालवादक एन. यू. उनरू यांनी आपला ड्रमसंच विकला आणि भंगारातले पत्रे, स्प्रिंगा व अवजारे यांनाच वाद्य केले, तेव्हा संगीताची व्याख्याच हलली. तरीही पाच-सहा वेळा ऐकल्यावर त्यातला प्रत्येक घाव सारख्याच वजनाचा वाटू लागतो, आणि धक्का ओसरला की हाती फार थोडे उरते.

'हाल्बर मेन्श'मध्ये तोच लोखंडाचा आवाज रचनेच्या शिस्तीत येतो. त्याचे शीर्षकगीत तर वाद्यांविना, केवळ समूहस्वरांवर आणि बँडचे गायक ब्लिक्सा बार्गेल्ड यांच्या आवाजावर उभे आहे. माणसांचे गळे यंत्राच्या सुट्या भागांप्रमाणे एकमेकांत अडकतात, आणि त्यानंतर 'यू-गुंग' या पुढच्या गीताचा ठेका सुरू झाला की गोंगाटातला एकेक आवाज वेगळा ओळखता येतो. साच्यांच्या खडखडाटात आपला साचा ओळखणारा कान याहून वेगळे काय करत असेल? या अल्बममध्ये यंत्र आणि माणूस एकमेकांना पुसून टाकत नाहीत, आणि बँडच्या इतर कोणत्याही अल्बममध्ये मला हा तोल इतका पक्का आढळलेला नाही. १९८९ चा 'हाउस डेर ल्यूगे' मला त्याच्या खालोखाल वाटतो.

आपल्या आवडत्या अल्बमला माघार म्हणणे मात्र अन्यायाचे आहे. धातूवर प्रहार करणारे तालवादक एफ. एम. आइनहाइट १९९५ मध्ये बाहेर पडल्यावर बँडला धातूच्या प्रहारांवर पूर्वीसारखे विसंबता येईना. म्हणून त्यांनी शांततेलाच सामग्री मानले. शीर्षकगीतात गाणे थांबते आणि सिगारेटचा झुरका तेवढा ऐकू येतो. परळमध्ये तेवढी शांतता पहाटे तीनच्या आधी मिळणे कठीण, म्हणून हे गीत मावसभावाला त्या वेळी हेडफोनवर ऐकवावे आणि लगेच पाठोपाठ 'हाल्बर मेन्श'चे शीर्षकगीत लावावे. 'कोलाप्स' तो स्वतःहून लावीलच.