उपग्रहचित्रात किनारा गोलाकार दिसला, तर तिथे प्राचीन उल्काविवर आहे असे म्हणता येईल का?
केवळ गोलाईवरून तसे म्हणता येत नाही. उपग्रहचित्र फार तर तपासण्याजोगी जागा दाखवते. कॅनडातील हडसन उपसागराच्या आग्नेय किनाऱ्यावरची नास्तापोका कमान सुमारे ४५० किलोमीटर व्यासाच्या वर्तुळावर इतकी नेमकी बसते, की कंपासने आखल्यासारखी वाटते. पण १९७० च्या दशकात भूवैज्ञानिक रॉबर्ट डिएट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिथले खडक पाहिले, तेव्हा शॅटर कोन, म्हणजे आघाताने खडकात उमटणाऱ्या शंकूसारख्या रेघा, त्यांना आढळल्या नाहीत, आणि ही कमान भूकवचाच्या हालचालींतून घडली असावी, असेच आता बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. मात्र गोलाई दिसली नाही म्हणून विवर नाही, असेही नसते: मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावरचे चिक्शुलुब विवर चुनखडीखाली गाडलेले असून जमिनीवर त्याची खूण म्हणून नैसर्गिक विहिरींची अर्धवर्तुळाकार रांग तेवढी दिसते.