रत्नागिरीत डुप्लेक्सच्या तळघरात खोली काढून भाड्याने देता येईल का?

सरळ सांगतो, जमिनीखालचं तळघर राहायला म्हणून पास होत नाही. 2020 पासून लागू झालेल्या युडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, तळघर पार्किंग, सामान, मशिनरी असल्या कामालाच धरलंय, उंची 2.4 मीटर असली तरी चालते पण राहत्या खोलीला 2.75 लागते, म्हणजे नुसती टाइल्स नि बाथरूम बसवून ते घर होत नाही हो.

पण प्लॉट उताराचा असेल, आपल्याकडे असतातच, आणि खालचा मजला एका बाजूने मोकळा असून खिडक्या निघत असतील, तर आर्किटेक्टला तो मजला म्हणूनच दाखवता येतो का ते विचारा, मग तो एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या मर्यादेत, मोजला जाईल आणि सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागेल. समुद्र 500 मीटरच्या आत असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, आधी बघा. डुप्लेक्सचा दुसरा मालक वेगळा असेल तर त्याची लेखी संमती घ्याच.

आणि पाऊस! आमच्या तळघरात जुलैत जांभ्याच्या भिंतीतून पाणी पाझरायचं, गाद्यांना बुरशी यायची. तिथे कुणाच्या लहान पोरांना झोपवू नका, कळकळीने सांगतोय. मंजुरी मिळालीच तर भाडेकरार रजिस्टर करा, 1999 च्या भाडे कायद्यात ते सक्तीचं आहे.