आधी पुढं गेलेल्या कुणाला तरी भेटवा

प्रश्न : आमनी पोर हुशार शे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जन्मापासून नजर कमी, दाखला 75 टक्क्यांचा. बँकेची तयारी करू द्यावी का? नातेवाईक म्हणतात, कशाला धडपड, घरीच राहू द्या. तिला कोणती नोकरी जमेल, एकदाच सांगा. (एक वडील, चोपडा तालुका)

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात तुमची काळजी आहे, नातेवाइकांचं मत आहे, दाखल्यावरचा आकडा आहे. पोरीला काय करावंसं वाटतं, ते एका ओळीतही नाही. म्हणून नोकरीचं नाव आज सांगत नाही.

सवलतींचं थोडक्यात सांगते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के जागा राखीव आहेत. त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांचा. लेखनिक घेतला तर परीक्षेत तासामागे किमान 20 मिनिटं जादा मिळतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, नसेल तर ते आधी काढा.

पण संगणकाच्या पडद्यावर आठ तास काम करताना तिचे डोळे किती थकतील, हे मला सांगता येणार नाही. मला नीट दिसतं. ते तिच्यासारखीच नजर असलेली, नोकरीत चार-पाच वर्षं काढलेली बाईच सांगेल. केळीला ठिबक बसवण्याआधी तुम्ही माहितीपत्रकावर भरवसा ठेवला नसेल. ज्याच्या शेतात ते चालू आहे त्याच्या बांधावर गेला असाल. इथंही तेच करायचं.

माझ्याकडे असाच एक अल्पदृष्टी मुलगा येत असे. बँकेच्या मुलाखतीत त्याला विचारलं, ‘नोटा कशा ओळखाल?’ तो गप्प झाला आणि तिथंच सगळं संपलं. पुढं एका अल्पदृष्टी बँक कर्मचाऱ्याने त्याला महिनाभर दर रविवारी वेळ दिला. अक्षरं मोठी कशी करायची, एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारा मोफत स्क्रीन रीडर कसा वापरायचा, साहेबांकडे उजेडाची जागा कशी मागायची, आणि मुख्य म्हणजे ‘मला एवढं दिसतं, एवढं दिसत नाही, त्यावर मी असं करतो’ हे न चाचरता कसं बोलायचं, ते शिकवलं. त्यातून मुलाला स्वतःच कळलं की काउंटरपेक्षा कर्ज विभागाचं काम आपल्याला जास्त जमेल. असा निर्णय बाहेरून कुणी देऊ शकत नाही.

अशी माणसं कुठं भेटतील? जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प आहे. तिथं दिव्यांग मुलंमुली राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. एकदा पोरीला घेऊन जा. कॉलेजातल्या सरांनाही विचारा, त्यांचा एखादा जुना दिव्यांग विद्यार्थी नोकरीत असेलच. मात्र ‘हिला कुठं चिकटवा’ असं पहिल्याच भेटीत म्हणू नका; समोरचा अवघडतो. पंधरा दिवसांतून एकदा, सहा महिने बोलणं व्हावं, एवढंच मागा. प्रश्न तिनं विचारावेत. तुम्ही तेवढा वेळ बाहेर चहा घ्या. माझं हे म्हणणं कडक वाटेल, पण वडील शेजारी बसले की मुली ‘मला भीती वाटते’ एवढंसुद्धा बोलत नाहीत, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

पुढचं पत्र तिचं येऊ द्या. मोबाइलवर बोलून टाइप केलेलंही चालेल.