बैलजोडी, क्रोम कॅसेट आणि नायट्रोजनचं कॅन

प्रश्न : सर, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, बारावी सायन्सची विद्यार्थिनी. चुंबकत्वानं अतिसंवाहकता (म्हणजे विरोधाशिवाय वीज वाहणं) मरते असं शिकले. मग फेरोमॅग्नेटमधून, म्हणजे कोबाल्टसारख्या चुंबकी पदार्थातून, अतिसंवाहक प्रवाह गेला म्हणतात, तो कसा? आमच्या गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या, वीर्य साठवलेल्या कांड्यांसाठी द्रव नायट्रोजन असतो. त्यावर हे जमेल का?

उत्तर : तू शिकलीस ते खरंच आहे. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं चालतात, एकाचा स्पिन (इलेक्ट्रॉनच्या अंगचं इवलं चुंबकत्व) वर, दुसऱ्याचा खाली. ही जोडी फेरोमॅग्नेटमध्ये शिरली की एक बैल ओढ घेतो, दुसरा रेंगाळतो, जू तिरकं होतं. कोबाल्टमध्ये तर काही नॅनोमीटरमध्येच जोडी मोडते.

पण दोघांचे स्पिन एकाच दिशेला असले तर? मग चुंबक कुणाला कुणापासून तोडणार! अशी जोडी तयार होऊ शकते, हे २००१ साली कागदावर मांडलं गेलं. २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटानं क्रोमियम डायऑक्साइडमधून सुमारे एक मायक्रोमीटरपर्यंत असा प्रवाह नेऊन दाखवला. तिथे वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा स्पिन एकाच दिशेचा असतो, म्हणजे साध्या जोडीला जागाच नाही.

क्रोमियम डायऑक्साइड हे नाव वाचलं आणि मी माळ्यावरची पेटी उतरवली. गणपत गल्लीतून घेतलेली क्रोम कॅसेट निघाली! तिच्या फितीवर हीच भुकटी. टेपचा खटका चुकून 'नॉर्मल'वर राहिला की भजनातल्या झांजा कानात टोचायच्या.

जोडी बदलते कुठे? सीमेवर. (सीमेवर काय काय बदलतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.) २०१० मध्ये केंब्रिजच्या गटानं कोबाल्टच्या दोन्ही बाजूंना होल्मियम या धातूचे थर दिले. होल्मियममध्ये चुंबकत्वाची दिशा जिन्यासारखी वळत जाते. त्या वळणावर उलटसुलट जोडीतून एकदिश जोडी निघते आणि कोबाल्ट पार करते.

आता दवाखाना. नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो, आणि केंब्रिजच्या प्रयोगात अतिसंवाहक म्हणून वापरलेला नायोबियम धातू तसा व्हायला उणे २६४ लागतं. तिथे नायट्रोजन कधीच गोठून दगड झालेला असतो. द्रव हेलियमच हवा. पण यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड या कमी थंडीतही चालणाऱ्या अतिसंवाहकाची वडी मिळवलीस तर तिच्यावर छोटं चुंबक तरंगताना दिसेल, त्याला नायट्रोजन पुरतो. तो डॉक्टरांकडूनच उघड्यावर ओतून घे, आणि कांड्या बुडतील इतका कॅनमध्ये राहू दे. नाहीतर गावातल्या म्हशींचा हंगाम माझ्या नावावर जायचा.