बाईकचा ऑइल फिल्टर जाम झालाय, हाताने निघतच नाहीये, स्क्रू ड्रायव्हर ठोकून काढू का?

तुम्ही लिहिलंय की इंटरसेप्टर ६५० चं तेल काढून झालंय, फिल्टर हलत नाहीये आणि मित्र म्हणतोय आरपार स्क्रू ड्रायव्हर ठोक आणि फिरव. प्लीज आत्ताच ते करू नका. फिल्टर शाबूत आहे तोवर तुमच्या हातात मार्ग आहे, अगदीच नाही जमलं तर ड्रेन बोल्ट (तेल काढायचा खालचा बोल्ट) लावायचा, तेल भरायचं आणि जुन्याच फिल्टरवर गाडी हळूहळू गॅरेजला न्यायची. पत्र्याला एकदा भोक पडलं की मग इंजिन चालू करायचा विषयच संपला, गाडी टेम्पोत घालावी लागते.

आधी दिशा बघा. या गाडीचा फिल्टर इंजिनच्या पुढच्या अंगाला आहे, तर गाडीच्या समोर बसून फिल्टरकडे बघत घड्याळाच्या उलट फिरवायचा. वाकून, आडवं होऊन करताना भलेभले उलटा फिरवतात आणि तो अजूनच घट्ट बसतो.

बहुतेक वेळा जोर कमी पडत नाही, पकड कमी पडते. फिल्टरवर तेलाचा थर असतो, तो भांड्याच्या साबणाच्या फडक्याने पुसून एकदम कोरडा करा, मग जाड पॉलिश पेपर खरखरीत बाजू आत करून गुंडाळा आणि दोन्ही हातांनी झटका द्या. तेल काढलेलंच आहे तर गरम करायला म्हणून इंजिन अजिबात स्टार्ट करू नका. (पुढच्या वेळी तेल काढायच्या आधी इंजिन दोनतीन मिनिटं चालवा, कोमट झालं की फिल्टरची रबरी रिंग जरा सुटते, आणि ड्रेन बोल्टला हात लावायच्या आधीच फिल्टर हलतोय का बघून घ्या. बेंड पाइप (इंजिनमधून सायलेन्सरकडे जाणारे) मात्र लगेच तापतात, हात सांभाळा.)

तेवढ्यानेही नाही झालं तर फिल्टर पाना आणा. वाटीसारखा येतो तो सगळ्यात चांगला पण तुमच्या फिल्टरच्या कडांना बरोबर बसणाराच हवा, जरा सैल असला तर नुसता घसरतो. बेंड पाइपांच्या मधे जागा असेल तर पट्ट्याचा किंवा चेनचा पण चालतो, फक्त तो इंजिनकडच्या टोकाला लावा कारण तिथे आत जाड प्लेट असते, मधे लावला तर पत्रा चेपतो आणि पकड गेलीच. के अँड एनचे फिल्टर येतात त्यांच्या टोकाला १७ एमएमचा नट असतो, साध्या पान्याने निघतात. तो नट काढण्यासाठी आहे, आवळण्यासाठी वापरू नका.

स्क्रू ड्रायव्हर अगदी शेवटी, आणि तोही मधल्या आटेवाल्या नळीला लागणार नाही असा. पत्रा फाटून नुसती प्लेट उरली तर छिन्नी प्लेटच्या कडेला तिरकी धरून उलट्या दिशेने हलके हलके ठोकायचं. इंजिनचा बसायचा पृष्ठभाग किंवा आटे खराब झाले तर ते फिल्टरपेक्षा कितीतरी महागात जातं, म्हणून इथे घाई नको.

निघाल्यावर सगळ्यात महत्त्वाचं, जुनी रबरी रिंग फिल्टरबरोबर आलीये का ते डोळ्यांनी बघा. ती इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवीन फिल्टर बसला तर प्रेशरने तेल बाहेर फेकलं जातं आणि ते मागच्या टायरवर गेलं तर गाडी सरळ घसरते. जागा पुसा, नवीन रिंगला बोटाने ताजं तेल लावा, फिल्टर हाताने फिरवत रिंग टेकेपर्यंत न्या आणि तिथून पुढे फिल्टरवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढाच आवळा, बऱ्याच फिल्टरना पाऊण फेरा असतो. फिल्टर जाम होतात ते बहुतेक इथेच, कोणीतरी कोरडी रिंग बसवून वर पान्याने आवळलेलं असतं.

मग तेल भरून इंजिन दोन मिनिटं चालू ठेवा, खाली वाकून फिल्टरच्या कडेने ओल दिसते का बघा, बंद करून थोड्या वेळाने लेव्हल परत चेक करा. काढलेलं तेल गटारात ओतू नका, डब्यात भरून जवळच्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडे ते गोळा करतात.