डिटेक्टर शून्य दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नको

वरुडकडच्या संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजवर लागलास, बरं झालं भाऊ. तिथे थंडावा करायला पाईपांत अमोनिया गॅस फिरतो. गळला तर त्याचा वास लगेच येतो खरा, पण थोड्या वेळात नाक सरावतं. म्हणून गळती ओळखणारा डिटेक्टर पाहिजेच. अमोनिया हवेपेक्षा हलका, त्याचा सेन्सर छताजवळ. फ्रिऑन, म्हणजे थंडाव्याचाच दुसरा गॅस, जड, त्याचा जमिनीलगत. तरी द्रव अमोनिया फवारला गेला तर पांढरं थंड धुकं खालीच रेंगाळतं, त्यात पाय घालू नको.

अमोनियासाठी बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर असतो. गॅस आत गेला की बारीक करंट निघतो. गॅस जास्त, करंट जास्त. आपल्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हात मशीन रूममधल्या सेन्सरचं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आतलं द्रावण, सुकतं, अन् मेलेला सेन्सरही शून्यच दाखवतो! मालक म्हणेल, ‘शून्य आहे ना, मग खर्च कशाला?’ ऐकू नको. टेस्ट गॅस देऊन बघ, तारीख वहीत लिही.

पहिला अलार्म साधारण 25 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) लावतात. 300 म्हणजे जिवाशी गाठ. वारा जिकडून येतो तिकडे निघायचं. बारीक गळती नेमकी कोणत्या जॉइंटला, ते गंधकाच्या वातीने सापडतं, तिथे दाट पांढरा धूर होतो.